मातीचा परका

चीनमधल्या तांग राजवटीतील (इ.स. 618 ते 907) थडग्यांत परदेशी माणसांच्या मातीच्या मूर्ती सापडतात. तपकिरी, हिरवा आणि दुधी रंग एकमेकांत ओघळलेले, वर काचेसारखी झिलई. त्यातल्या दाढीवाल्याचे छायाचित्र दिसले की आपल्यातला कुणीतरी लगेच लिहितो, ‘हे पहिले मुस्लिम व्यापारी!’

मला ही घाई पटत नाही. पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच चिनी लोक ‘हू’ म्हणत. त्यांत समरकंद-बुखाऱ्याकडचे सोग्दी पुष्कळ, आणि त्यांतले बरेच अग्निपूजक. हजरत उस्मान यांच्या काळात, 651 मध्ये, अरबांचा वकील तांग दरबारी गेल्याची नोंद चिनी इतिहासात आहे, हे खरे. पण दाढी-टोपी दिसली की मुसलमान, हा हिशेब दुसऱ्यांनी केला तर आपल्याला चालतो का?

या मूर्ती नीट पाहा. नाक मुद्दाम मोठे, डोळे बटबटीत. बहुतेक जण घोडे-उंट सांभाळणारे. मुठी आवळलेल्या, पण लगाम नाही. तो केव्हाच कुजून गेला. नाव तर कुणालाच नाही. मालकाचा थाट दाखवायला त्यांना थडग्यात ठेवले होते.

723 मधल्या एका सेनानीच्या थडग्यातला उंट मात्र मला आवडतो. त्याच्या पाठीवर चार वादक आणि मधोमध एक नर्तक. काही चेहरे चिनी, काही हू. राजधानी चांगआनला परक्यांचे संगीत, कपडे, दारू सगळे हवे होते. पण 755 मध्ये आन लुशानने बंड केले. त्याचा बाप सोग्दी. मग साऱ्याच हूंवर संशय. 760 मध्ये यांगचौ शहरात सरकारी फौजेनेच हजारो अरब-इराणी व्यापारी मारले. त्यांचा बंडाशी काय संबंध होता?

म्हणून मला मूर्तीपेक्षा एक कागद मोलाचा वाटतो. तो तांग काळाच्या तीनेकशे वर्षे आधीचा, 1907 मध्ये तुनहुआंगजवळच्या एका पडक्या बुरुजात सापडलेला. मिवनाय नावाच्या सोग्दी बाईने, परक्या मुलखात सोडून गेलेल्या नवऱ्याला लिहिलेले पत्र. तिथे नाक-दाढी नाही. पैशांची चणचण आहे, संताप आहे, नाव आहे. आपल्या नानी-दादीचे बोलणे आपल्यापैकी किती जणांनी लिहून ठेवले आहे?

मिवनायच्या पत्राखाली तिच्या मुलीनेही दोन-चार ओळी जोडल्या आहेत.