‘पास’ म्हणण्याचे धैर्य

सोनईकरांना बोली नवी नाही. जवळच्या घोडेगावात कांद्यावर ती लागतेच. पत्त्यांच्या ब्रिजमध्येही बोली असते, पण पैशांची नव्हे, किती हात करणार याची. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे गुण मोजतात. पूर्ण कॅटमध्ये ते ४० भरतात. भागीदारांचे मिळून साधारण २५ असतील तर ‘गेम’ची बोली परवडते. जेमतेम २० असतील, तर लहान बोलीवर थांबावे. ईर्ष्येने पुढे गेले की हातचे गुण जातात आणि वर दंड बसतो.

तरी थांबवत का नाही? कमावण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख मोठे वाटते, असे डॅनिअल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. म्हणून माणूस पत्ते पाहायचे सोडून आधीची बोली वाचवत बसतो.

अतिदक्षता विभागाच्या दारात ही चूक फार महाग पडते. आशा संपलेली असते, पण ‘एवढा खर्च केला, आता मागे कसे फिरायचे?’ म्हणत जमीन विकली जाते. रुग्णाच्या वाट्याला नळ्या आणि वेदनाच येतात. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आहे. झालेला खर्च बाजूला ठेवून नातेवाइकांनी एवढेच विचारावे : पुढच्या उपचाराने काय साधेल? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर कायदेशीर प्रक्रिया पाळून यंत्रे थांबवणे आणि वेदनाशमन चालू ठेवणे ही हार नव्हे.

डॉक्टरांनीही हे उत्तर आडपडदा न ठेवता द्यावे. पत्ते त्यांनाच दिसत असतात.