घड्याळांची जबानी

आमच्या घराण्याचे कुलसंमेलन येत्या वैशाखात भरविण्याचे ठरले असून, त्या निमित्ताने वाड्यातील जुन्या चीजवस्तूंचे एक छोटेखानी प्रदर्शन मांडावे आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा पूर्वेतिहास सांगणारी चिठ्ठी लावावी, असा ठराव ज्या बैठकीत संमत झाला त्या बैठकीस मी हजर नव्हतो, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण त्या चिठ्ठ्या गेल्या आठवड्यात माझ्या पाहण्यात आल्या आणि तेव्हापासून खवळलेले माझे पित्त आमसुलाच्या सारानेही शमलेले नाही. भांडी, पानपुडे, अडकित्ते यांच्या चिठ्ठ्यांविषयी माझे काही म्हणणे नाही. (अडकित्त्यांविषयी जे म्हणायचे ते या सदरात म्हणून झाले आहे आणि त्यावर आलेली रागाची पत्रे अजून माझ्या मेजावर आहेत.) तक्रार आहे ती घड्याळांविषयी. माजघरातील थोरल्या घड्याळाखाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘श्रीमंत बाजीरावसाहेब पेशवे यांजकडून इनाम, सन १८०३.’

चिठ्ठ्यांचे कर्ते आमचे चुलतबंधू वसंतराव. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात घालवलेला हा गृहस्थ. लोकांच्या सातबाऱ्यावरील एका गुंठ्याच्या तफावतीसाठी ज्याने तीन-तीन पिढ्यांचे दस्तऐवज मागविले, नकला रुजू करून घेतल्या आणि वारसांना कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, त्यानेच स्वतःच्या घरच्या इनामाला मात्र ना सनद, ना महजर, ना साक्षीदार, अशा स्थितीत बिनदिक्कत मंजुरी दिली.

वास्तविक घड्याळाचे वय ठरविणे ही काही गूढविद्या नव्हे. तबकडीवर भरवसा ठेवू नये, कारण तबकडी रंगविता येते आणि तीवर पुष्कळदा कारखानदाराऐवजी विकणाऱ्या दुकानाचे नाव असते. लाकडी पेटीवरही ठेवू नये, कारण एकाची पेटी आणि दुसऱ्याचे यंत्र असे संसार आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. घड्याळ उतरवावे, लंबक काढावा, तबकडीचे स्क्रू सोडवून यंत्र बाहेर घ्यावे आणि त्याच्या पितळी पाठीवर काय ठोकले आहे ते भिंगातून वाचावे. कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक बहुधा तेथे सापडतात. देशाचे नाव छापलेले असेल तर घड्याळ साधारणपणे १८८७ नंतरचे धरावे, कारण त्या साली ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांचा कायदा झाला आणि १८८९ मध्ये त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानातही आला. पेटंटचे साल दिसले तर हुरळून जाऊ नये. ते यंत्र त्या सालाआधीचे नव्हे एवढाच त्याचा अर्थ. आमच्या स्वयंपाकघरातले अ‍ॅन्सोनिया घ्या. त्यावर पेटंटचे साल १८८२ आहे म्हणून चिठ्ठीवरही १८८२ चढले; परंतु ती कंपनी न्यूयॉर्कमध्ये त्यानंतरही कित्येक दशके चालू होती आणि १९२९ च्या सुमारास तिची यंत्रसामग्री सोव्हिएट रशियाने विकत नेली. भांडवलशाहीची घड्याळे ज्या यंत्रांवर झाली त्याच यंत्रांवर पुढे क्रांतीची घड्याळे झाली, यावर एखाद्याने प्रबंध लिहावा.

तर माजघरातले घड्याळ. ते उतरविले तेव्हा वसंतराव हाताची घडी घालून, जप्तीची नोटीस बजावायला आलेल्या बेलिफाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहत उभे होते. यंत्राच्या पाठीवर ‘जी. बी.’ ही अक्षरे, नांगर आणि मुकुट, आणि खाली दहा लाख बेचाळीस हजारांच्या घरातला अनुक्रमांक. म्हणजे गुस्टाव्ह बेकर. या गृहस्थाने सायलेशियातील फ्रायबुर्ग येथे, जे गाव आता पोलंडमध्ये आहे, १८४७ साली धंदा मांडला. पेशवाई तर १८१८ लाच बुडाली होती. मी हे सांगताच वसंतराव क्षणभरही न अडखळता म्हणाले, “दादा, राज्य गेलं तरी बाजीरावसाहेब एक्कावन सालापर्यंत ब्रह्मावर्तास होतेच की! तिकडून पाठवलं असेल.” या उत्तरातील हजरजबाबीपणाबद्दल मला आदर वाटला हे कबूल केले पाहिजे. दुर्दैवाने बेकरच्या कारखान्यातून दहा लाखावे घड्याळ बाहेर पडले ते १८९२ मध्ये, आणि तोवर ब्रह्मावर्ताच्या बाजीरावसाहेबांना जाऊन चाळीस वर्षे उलटली होती.

तरीही मामला निकालात निघाला नाही. त्याच पितळी पाठीवर, कोपऱ्यात, सुईच्या टोकाने कोरलेल्या बारीक मोडी अक्षरांची एक ओळ होती. “मोडी!” वसंतराव ओरडले, “म्हणजे पेशवाईच!” मोडी आमच्या वडिलांच्या किराण्याच्या हिशेबवहीतही होती याची आठवण देऊन मी ती ओळ वाचली : ‘शके १८३१ आश्विन, तेल दिले.’ म्हणजे १९०९ च्या दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कोणा कारागिराने यंत्र धुऊनपुसून तेल दिले आणि पुढच्या कारागिराला कळावे म्हणून तसे नोंदवून ठेवले. माझ्या दृष्टीने साऱ्या वाड्यातील हा सर्वांत विश्वसनीय कागद होय, आणि तो कागद नाही म्हणूनच वाळवीपासून वाचला.

यानंतर निघाला लंबकाचा प्रश्न. लंबकाच्या गोल पितळी चकतीवर ‘आर’ आणि ‘ए’ ही दोन इंग्रजी अक्षरे ठसठशीत आहेत, आणि आमचे पणजोबा रामचंद्र आत्माराम. आता यापुढे काय घडले असेल ते चतुर वाचकाने ताडलेच असेल. पणजोबांनी खास विलायतेस कळवून आपल्या नावाची आद्याक्षरे घालून घेतली, ही कथा मी मुंजीच्या वयापासून ऐकत आलो आहे. तिच्यात दर पिढीगणिक घड्याळाची किंमत वाढत गेली आणि एका काकूंच्या आवृत्तीत तर चकती सोन्याची होती. ही अक्षरे त्या काळच्या जर्मन घड्याळांच्या हजारो लंबकांवर आहेत. ती फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे असून लंबकाखालची चाकी कोणीकडे फिरविली असता घड्याळ मागे पडेल आणि कोणीकडे फिरविली असता पुढे जाईल, एवढेच ती सांगतात. हे ऐकून वसंतराव काही बोलले नाहीत, वहिनी मात्र स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बरं झालं बाई. उगाच इतकी वर्षं चकती चिंचेने घासत होते.”

दिवाणखान्यातील कोनाड्यातले सेथ थॉमस याहून सोपे निघाले. कनेक्टिकटच्या त्या कारखान्याची एक गमतीची चाल होती. घड्याळाच्या पेटीवर तयार झाल्याचे साल उलटे छापीत आणि पुढे महिन्याचे अक्षर घालीत. आमच्या पेटीच्या पाठीवर ‘५९८१ सी’ आहे, म्हणजे मार्च १८९५. वसंतरावांनी हा दप्तराचा जावक क्रमांक समजून चिठ्ठीवर जसाच्या तसा उतरवून घेतला होता, आणि मुद्दा गैर असला तरी नक्कल बिनचूक होती.

खरा संताप आला तो शेवटच्या चिठ्ठीमुळे. आमच्या वडिलांच्या आत्या गिरगावात चाळीत राहत. त्यांच्याकडून आलेले साधे भिंतीवरचे घड्याळ जिन्याखाली ठेवले होते आणि त्यापुढे दोनच शब्द होते : ‘जर्मन, किरकोळ.’ त्याच्या यंत्रावर जुंगहान्सची आठ टोकांची तारका आहे आणि शेजारी ‘बी १२’ असा शिक्का आहे. बी म्हणजे वर्षाचा उत्तरार्ध आणि १२ म्हणजे १९१२. इतक्या सरळपणे स्वतःचे वय सांगणारे आमच्या घराण्यात दुसरे कोणी नाही. परंतु मुद्दा वयाचा नाही. आत्याबाईंच्या हयातीत या घड्याळाने सरकारी वेळ कधी दाखविली नाही.

हल्लीच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगतो, १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली आणि मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे पडली. मध्यान्हीचा सूर्य कधी डोक्यावर यावा हे आता सरकारी हुकमाने ठरणार, ही कल्पना मुंबईकरांस मानवली नाही. गिरणी कामगारांनी दगडफेक केली, महापालिकेने आपल्या घड्याळांवर जुनीच वेळ ठेवण्याचे ठरविले, आणि मग कित्येक वर्षे, अगदी स्वातंत्र्य येईपर्यंत व त्यानंतरही काही काळ, रेल्वेची वेळ एक आणि म्युन्शिपालटीची दुसरी असा दुहेरी अंमल शहरावर चालला. आत्याबाई म्युन्शिपालटीच्या पक्षाच्या. त्यांच्या घरचे जेवण, पूजा, दुपारची वामकुक्षी, सारे मुंबईच्या वेळेने. पाहुण्यांनी मनातल्या मनात एकोणचाळीस मिनिटे मिळवून घ्यावीत असा अलिखित नियम होता, आणि पाहुणे तो विसरत. त्यांचे थोरले जावई एकदा सामान घेऊन पुण्याच्या गाडीला बोरीबंदरावर गेले आणि घटकाभराने सामानासकट परत आले. आत्याबाईंनी पाटावर पान मांडीत निवाडा दिला, “मेल्यांनी गाडीच लवकर सोडली.”

पुढे १ सप्टेंबर १९४२ रोजी युद्धाच्या निमित्ताने सरकारने देशातली घड्याळे आणखी एक तास पुढे ढकलली आणि ती ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. म्हणजे आत्याबाईंचे घर आणि सरकार यांच्यात आता एक तास एकोणचाळीस मिनिटांचे अंतर. चाळीतील एक सद्गृहस्थ, घरोघरी काटे फिरवून देण्याची सेवा स्वखुशीने करीत, स्टुलावर चढले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “उतरा खाली. युद्ध त्यांचं, घड्याळ माझं.” ज्या घराण्यात ही बाई निपजली त्या घराण्याला बाजीरावाच्या इनामाची काय मातब्बरी? पण चिठ्ठीवर शब्द दोन : जर्मन, किरकोळ.

प्रदर्शनात आणखी एक घड्याळ आहे, पण ते आमचे नव्हे. पुतण्याने मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून हौसेने आणलेले, पितळी, दोन्ही बाजूंना तबकड्या असलेले, आणि दोहोंवर ‘व्हिक्टोरिया स्टेशन, लंडन, १७४७’. त्या साली पृथ्वीवर आगगाडीही नव्हती आणि व्हिक्टोरिया राणीचा जन्म व्हायला बहात्तर वर्षे अवकाश होता. मागचे झाकण चौफुलीच्या खाचेच्या स्क्रूंनी बसविले आहे; ते स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले, एवढे सांगितले तरी पुरे. वसंतरावांनी त्याची चिठ्ठी अद्याप लिहिलेली नाही. साल आयते मिळाल्यामुळे त्यांना ते फार पसंत आहे.

वाचकांस विनंती एवढीच की, घरात जुने घड्याळ असेल तर तबकडी रंगवू नये, यंत्रात खोबरेल तेल घालू नये, आणि पेटीच्या आत चिकटविलेला कारखान्याचा कागद झुरळांनी खाण्यापूर्वी उतरवून ठेवावा. मजकडे छायाचित्रे पाठविणाऱ्यांनी समोरून काढलेली पाठवू नयेत. यंत्राच्या पाठीचे पाठवावे, ओरखड्यांसह, आणि त्या घड्याळाने कोणाकोणाच्या गाड्या चुकविल्या ते सोबत लिहावे. उत्तराची हमी देता येत नाही.