जुनी बस, प्लायवूडचं घर आणि आपला जीव

थोडं मोठं झालं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय गाडीचा दिसतो, मुद्दा जीवाचा आहे.

माझं दुकान इतवारीत, लोहाओळीच्या जवळ. नटबोल्ट, बिजागऱ्या, पत्र्याचे स्क्रू. मागच्या महिन्यात भाचा आला, गल्ल्यावर मोबाईल ठेवला अन् म्हणाला, "मामाजी, बस घेऊन टाकू." कोणती बस? तर म्हणे शहरात धावून रिटायर झालेली. सीटा काढायच्या, आत पलंग, ओटा, संडास, वर सोलार. सुट्टी लागली की सगळं घर घेऊन निघायचं.

मी हसलो. "बे, आपल्या गल्लीत हातठेला वळत नाही, बस कुठं उभी करशील?" पण खरं सांगतो, कल्पना मलाही आवडली. घरी सात माणसं. आईचे गुडघे गेलेले. शेगावला जायचं म्हटलं तरी ती सकाळपासून पाणी पीत नाही, कारण रस्त्यात बाईमाणसाला जायला धड जागा नसते. तुमच्याही घरी हेच असेल. तेव्हा ही फक्त पोरांची हौस आहे असं म्हणून उडवून लावू नका.

आठवडाभर हिंडलो. एक दलाल भेटला. बस दाखवतो म्हणाला, कागदाचं विचारलं तर "ते मागून पाहून घेऊ". मग एका वर्कशॉपात गेलो. त्यानं दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. प्लायवूडच्या भिंती, फोमच्या गाद्या, सिलिंडर पलंगाखाली. मी विचारलं, मागचं आपत्कालीन दार? तो म्हणे, "बंद करून टाकू ना, तिथं कपाट मस्त बसते."

मी भाच्याचा हात धरला अन् बाहेर आलो.

आपण नागपूरचे लोक आहोत. १ जुलै २०२३ ची रात्र आपण विसरू शकत नाही. इथून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली, दाराची बाजूच खाली गेली, आग लागली. २५ माणसं गेली. जे वाचले ते काच फोडून निघाले म्हणून वाचले. अन् आपण त्याच पेटणाऱ्या डब्यात स्वतःच्या हातानं प्लायवूड, फोम अन् सिलिंडर भरणार, वरून दार बंद करणार?

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जशी गाडी बनवली अन् आरसीवर जशी नोंदली, त्यात मालकाला मनानं बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत शिक्षाही आली, परवानगीशिवाय केलेल्या दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. हे बरोबरच आहे. नियम नको म्हणणारा मी नाही.

दुसरा नियम सरकारी गाड्यांचा. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका, एसटी महामंडळ, कुणाचीही गाडी असो, १५ वर्षं झाली की तिची नोंदणी संपली. ती अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच गेली पाहिजे. म्हणजे १५ वर्षांची सरकारी बस कुणी तुम्हाला "स्वस्तात देतो" म्हणत असेल तर समजून जा, तो गाडी विकत नाही, तुमच्या गळ्यात लफडं बांधून राहिला आहे.

मग माझी तक्रार काय? तक्रार ही, की बंदी स्पष्ट आहे अन् रस्ता कुठंच स्पष्ट नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. मोटर कॅराव्हॅन कशी असावी याचं मानकही आहे, एआयएस १२४. म्हणजे कॅराव्हॅन ही चीज सरकारला चांगली ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे नवी कोरी कॅराव्हॅन घ्यायचे पैसे आहेत त्याच्यासाठी दार उघडं, अन् आमच्यासारख्यानं जुन्या बसचं रीतसर काही करायचं म्हटलं तर या टेबलावरून त्या टेबलावर. मी स्वतः विचारून आलो. तीन माणसांनी तीन उत्तरं दिली, कागदावर एकानंही नाही.

अन् रस्ता नसला की काय होते? माणूस थांबत नाही. तो त्या वर्कशॉपवाल्याकडे जाते.

जुन्या बसचं दुसरं काही होऊ शकत नाही, असंही कुणी म्हणू नये. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसेसची महिलांसाठी 'ती' स्वच्छतागृहं झाली. आपल्या नागपूर स्टेशनबाहेर रेल्वेच्या जुन्या डब्यात लोक बसून जेवतात. ठरवलं की होते.

म्हणून तीन मागण्या.

एक, १५ वर्षं भरायच्या दोन-तीन वर्षं आधी ज्या बसेस ताफ्यातून काढायच्या असतील, त्या एकेक करून विका. कागद साफ, दुरुस्तीची नोंद सोबत. चालती गाडी लोखंडाच्या भावापेक्षा जास्तच देईल. हे लोहाओळीतलं पोरही सांगेल.

दोन, आरटीओनं मराठीत एक पान छापावं. कोणते बदल चालतात, नकाशा कुणाचा लागतो, फी किती, दिवस किती. काम सुरू व्हायच्या आधी अन् झाल्यावर तपासणी. वायरिंग, गॅस, अग्निशामक अन् दोन्ही बाजूंनी बाहेर पडायची वाट. यात कुणालाही सूट नको.

तीन, ज्या १५ च्या पुढे गेल्या त्या खुशाल तोडा. धूर ओकणारी बस वाचवा असं मी म्हणत नाही.

काही जण म्हणतील, आधी शहरात बस वेळेवर सोडा, मग कॅम्परचं पाहू. अगदी मान्य. विक्रीतून चार पैसे जास्त आले तर ते नव्या बससाठीच लावा.

अन् पोरांनो, तुम्हालाही सांगतो. बारा मीटरची बस म्हणजे कार नाही. हेवी लायसन्स लागते. डिझेल पाण्यासारखं जाते. शहरात जागोजागी थांबून इंजिन, क्लच, गिअर दमलेले असतात, अन् लो-फ्लोअर असली तर खेड्यातल्या रस्त्यावर पोट घासते. रीलमध्ये हे दाखवत नाहीत.

आम्ही बस घेतली नाही. भाचा चिडला आहे, बोलत नाही. चालते. ज्या दिवशी ते एक पान छापून येईल, त्या दिवशी मी स्वतः त्याला घेऊन जाईन, पैसेही घालीन, अन् आईला पहिल्या खिडकीशी बसवून शेगावला नेईन. तोवर घरात कुणी जुन्या बसचं नाव काढलं तर त्याला पहिला प्रश्न विचारा. मागचं दार उघडते का?

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर दुकानावर या, चहा पाजतो अन् भांडतो.