नाताळची पंगत आणि लाल टोपी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रुपवर निरोप येतो : पंचवीसला सगळे आमच्याकडे, थीम ‘रेड अँड व्हाइट’. मग ज्याच्या कपाटात लाल शर्ट नाही त्याची धावपळ सुरू होते. यजमानांच्या भिंतीवर झुरमुळ्या चढतात, दारात टोप्यांचा ढीग पडतो. आणि ताटात? पनीर टिक्का, हक्का नूडल्स, बेकरीतला प्लम केक. जेवण वाईट नसतं, पण तेच जेवण पुढच्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसालाही खपून जातं.

मित्रमंडळींना दरवर्षी घरी बोलावून नाताळ साजरा करायचा, ही हौस चांगलीच आहे. थीम ठरवायलाही हरकत नाही. पण ती रंगाची कशाला? एका वर्षी एक खरा स्वयंपाक घ्यावा, कुठल्या तरी घरात पिढ्यान्‌पिढ्या रांधला गेलेला, आणि तोच नीट करावा.

त्यासाठी लांब जायला नको. मुंबई-वसई पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळच्या जेवणाची तयारी मे महिन्याच्या उन्हात सुरू होते. वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून केलेला मसाला बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बॉटल मसाला. पश्चिम किनाऱ्यावरची, घरात मराठी बोली बोलणारी ही माणसं ‘ईस्ट इंडियन’ कशी, असा प्रश्न पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारणारच. हे नाव त्यांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इंग्रजांच्या चाकरीत आहोत, हे सरकारदरबारी ठसवायचं होतं. पोर्क इंदियाल आणि गरम तळलेले फुगे समोर असताना ही हकिगत सांगितली की थीम वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढच्या वर्षी गोवा. इथे मात्र यजमानांनी एकट्याने पदर खोचू नये. बेबिंक या गोड पदार्थाचा एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही, आणि असे निदान सात थर. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी ते सरळ गोव्याहून मागवावं. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. डुकराच्या मांसाचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवायचंच असतं, व्हिनेगर मुरल्याशिवाय त्याला चव नाही. कुलकुलं मात्र घरीच आणि दहा हातांनी करावीत.

पीठ साधारण शंकरपाळ्यांसारखंच, फक्त नारळाच्या दुधात भिजवलेलं. सुपारीएवढी गोळी काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबत पसरायची आणि कडेने गुंडाळत आणायची. काट्याचे दात उमटून शिंपल्यासारखी वळी तयार होते. काही घरांत काट्याऐवजी कोरी करकरीत फणी वापरतात. पहिली दहा हमखास बिघडतात. शिवण दाबली नाही तर तेलात उलगडून त्यांच्या सपाट पुऱ्या होतात, आणि कुणाची कुठली ते सगळ्यांना बरोबर ओळखू येतं. म्हणून मित्रांना पंचवीसला जेवायला बोलवण्याआधी बावीसला कामाला बोलवावं. खरी पार्टी त्या दिवशीच होते. शेजारी नेवऱ्याही तळल्या जात असतात. त्या पाहून ‘अरे, या तर आपल्या करंज्या!’ असं कुणी तरी ओरडतं.

परदेशी थीमच हवी असेल, तर पोलंड घ्यावं. जपानमध्ये १९७४ च्या जाहिरात मोहिमेनंतर नाताळला केएफसीचं चिकन खायची पद्धत पडली. ती थीम अर्ध्या तासात घरपोच होते आणि तितक्याच लवकर विसरली जाते. पोलंडचं ‘विगिलिया’ म्हणजे २४ डिसेंबरच्या रात्रीचं जेवण. आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही. आपल्याकडे संकष्टीला चंद्राकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हे नव्याने शिकवायला नको. टेबलावरच्या कापडाखाली थोडं गवत, बारा पदार्थ, मांस वर्ज्य, मासे चालतात. बीटचं आंबूस सार, कोबी आणि मशरूम भरलेले पिएरोगी. आणि एक ताट जास्तीचं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी.

या थीमचा कोल्हापूरशी धागा आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सैबेरियात हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे छावणीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. पंचगंगेच्या काठच्या भाज्यांवर त्या बायकांनी हे बारा पदार्थ कसे जुळवले असतील, हा जेवताना रंगणारा विषय आहे.

विगिलियाचा आणखी एक फायदा अगदी घरगुती आहे. २०२४ मध्ये नाताळच्या दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, आणि महिनाभर मटण-मासे न शिवणारे मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळा पनीरचा डबा ठेवणं म्हणजे पंगतीतून उठवल्यासारखंच. बारापैकी मासळीचे दोन-तीन सोडले, तर बाकीचे सगळे त्यांना सगळ्यांबरोबर खाता येतात.

अडचण येते ती जास्तीच्या ताटाची. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आठ माणसांना सहा खुर्च्या, त्यात नववी जागा कुठे काढणार? टेबल भिंतीला लावावं, सतरंजी अंथरावी आणि ताटं जमिनीवर मांडावीत. नववं ताट दाराच्या बाजूला ठेवावं. सोसायटीत साडेआठ-नऊच्या सुमाराला कुणी ना कुणी बेल वाजवतोच.