जी मुले डॉक्टर होणार नाहीत, त्यांचे काय?

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
(प्रत : सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण आणि कौशल्य विकास खात्यांचे माननीय मंत्री)



पत्र आपल्याला आणि प्रती आणखी तीन मंत्र्यांना का, हे आपण जाणताच. नववी-दहावीतल्या मुलांना आरोग्यक्षेत्राची ओळख करून द्यायची म्हटली, की शाळा आपल्या खात्याची, दवाखाना आरोग्य खात्याचा, नर्सिंग-पॅरामेडिकलची कॉलेजे वैद्यकीय शिक्षणाची आणि कौशल्याचे प्रमाणपत्र चौथ्याच खात्याचे. पालकाने विचारले, तर प्रत्येक जण शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. मुलगी दहावीत आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही, कुठल्या संघटनेची पदाधिकारीही नाही. काही साध्या प्रश्नांची उत्तरे मला हवी आहेत, आणि ती देणे आपले काम आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. २०२५ पर्यंत शाळा आणि उच्च शिक्षणातल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख झालेली असेल, असे त्यात लिहिले होते. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातल्या काम करणाऱ्या माणसांकडे शिकावे, असेही होते. धोरणाच्या स्वागताचे फलक आमच्या गावातही लागले. २०२५ साल आले आणि गेले. मुलीच्या शाळेपासून ग्रामीण रुग्णालय चालत दहा मिनिटांवर आहे. तिथली प्रयोगशाळा, एक्स-रेची खोली, औषधभांडार दाखवायला शाळेने एखादी तुकडी नेल्याचे कुणालाच आठवत नाही. मग तो निम्म्यांचा आकडा कुठल्या शाळांतल्या मुलांनी भरला?

त्याआधीचेही एक आश्वासन आहे. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलमापन चाचणी होत असे. सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे, हे ती सांगायची; त्यातले एक क्षेत्र ‘आरोग्य व जैविक विज्ञान’. माझ्या पुतण्याच्या अहवालावर नेमके तेच आले. घरात आनंद झाला. कागद घेऊन तो शाळेत गेला आणि पुढे काय करायचे म्हणून विचारले, तर उत्तर मिळाले, ‘सायन्स घे, नीटचा क्लास लाव.’ सरकारी खर्चाने कल मोजून झाल्यावर मुलाच्या हातात द्यायला आपल्याकडे एवढे एकच वाक्य होते. पुढे चाचणीही थांबली. २०२० साली महाकरिअर पोर्टल आले. त्यावर माहिती आहे, मी नाकारत नाही. पण पोर्टलवर नाडी हाताला लागत नाही.

‘हेल्थकेअर हा विषय आम्ही शाळेत आणलाच आहे,’ असे आपण म्हणाल. आणला आहे. समग्र शिक्षाखाली राज्यातल्या निवडक शाळांत नववीपासून तो शिकवला जातो. माझी भाची शेजारच्या तालुक्यात तो घेऊन शिकते. अभ्यासक्रम मी वाचला आणि मला आवडला : रुग्णालयाचे विभाग, रुग्णसहायकाचे काम, स्वच्छता, प्रथमोपचार, लसीकरण, रुग्णाशी बोलावे कसे. पालकसभेच्या दिवशी मी ती प्रयोगशाळाही पाहिली. खोलीला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. आत सीपीआर शिकवायचा पुतळा, छातीवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नाही. बीपी मशीनमधले सेल फुटून कडेला हिरवट थर साचलेला. रुग्णाच्या पलंगावर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. स्टॉक रजिस्टर मात्र अगदी चोख. भाची म्हणाली, ‘मावशी, खराब होईल म्हणून हात लावू देत नाहीत.’ छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबायची, हे तिला तोंडपाठ आहे. त्याचे गुणही मिळाले. तेवढे दाबायला जोर केवढा लागतो, हे तिच्या हातांना ठाऊक नाही. वापरायचीच नव्हती, तर ती यंत्रे कुणासाठी घेतली?

हा विषय शिकवणाऱ्या बाई स्वतः नर्सिंग शिकलेल्या. त्या शाळेच्या नाहीत, एजन्सीच्या. करार वर्षावर्षाचा, मानधन चार-चार महिने थकलेले. दिवाळीनंतर त्या एका खासगी रुग्णालयात रुजू झाल्या आणि उरलेले वर्ष पीटीच्या सरांनी विषय ‘सांभाळला’. सरांना मी दोष देत नाही. परंतु आरोग्यक्षेत्रात चांगले भवितव्य आहे, असे वर्गात सांगणाऱ्या बाईंनाच दर जूनमध्ये आपण पुन्हा येणार की नाही हे माहीत नसेल, तर पंधरा वर्षांच्या मुली काय शिकतील? पुस्तकातले की समोर दिसते ते? या प्रशिक्षकांची किती महिन्यांची बिले आज थकीत आहेत, हा आकडा आपल्या टेबलावर असणारच. तो जाहीर करण्यात अडचण कसली?

तोवर गावोगावच्या मुलांना आरोग्यक्षेत्राचे एकच दार दिसते, ते म्हणजे नीट. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुले त्या परीक्षेला बसली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी धरले, तरी बहुसंख्य मुले बाहेरच राहणार, हे परीक्षेआधीच ठरलेले होते. त्याच वर्षी पेपरफुटी झाली आणि चौकशीचे धागे आमच्या लातूरपर्यंत आले. ज्यांनी वावर गहाण टाकून क्लासची फी भरली, त्या घरांची तेव्हा काय अवस्था झाली असेल, हे आपल्याला मी सांगायला नको. माझा प्रश्न वेगळा आहे. जी मुले बाहेर राहिली, त्यांना रुग्णसेवेची ओढ होती म्हणूनच ती परीक्षेला बसली ना? एका गुणपत्रिकेने ती ओढ संपली, असे धरून चालण्याचा अधिकार आपल्या खात्याला कुणी दिला?

डॉक्टर होणे आणि काहीच न होणे, या दोहोंमध्ये केवढी जागा आहे, हे संसदेने २०२१ साली कायद्यातच लिहून ठेवले. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या त्या कायद्यात दहा गट आहेत. रक्त-लघवी तपासणारी लॅब टेक्निशियन, डायलिसिसचे मशीन लावणारा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या हाताखाली काम करणारी मुलगी, एक्स-रे आणि सीटी स्कॅन काढणारे, फिजिओथेरपिस्ट, ऑप्टोमेट्रिस्ट, आहारतज्ज्ञ, रुग्णांच्या नोंदी राखणारे, सगळे त्यात येतात. परिचारिका आणि फार्मासिस्ट यांचे कायदे वेगळे. राज्यांनी सहा महिन्यांत आपापली परिषद नेमायची होती. तीन वर्षे उलटली तरी काम रखडलेले पाहून ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. ज्या व्यवसायांची दखल घ्यायला सरकारला न्यायालयाचा आदेश लागतो, ते व्यवसाय शाळकरी मुलांना कोण सांगणार?

आपण सांगत नाही, म्हणून एसटी स्टँडवरचे फलक सांगतात : ‘दहावी पास-नापास, तीन महिन्यांत नर्सिंग, १०० टक्के नोकरी.’ त्याच कायद्याने त्यातल्या व्यवसायांच्या डिप्लोमासाठीही किमान २००० तासांचे शिक्षण बंधनकारक केले आहे, हे त्या फलकावर कशाला असेल? आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या आईने कानातले मोडून अशा ठिकाणी फी भरली. प्रमाणपत्र घेऊन ती रुग्णालयात गेली, तेव्हा कळले की त्याला नर्सिंग कौन्सिल विचारत नाही. आज ती तिथेच आया म्हणून काम करते. त्या कामात कमीपणा नाही, फसवणुकीत आहे. बारावी कला शाखेतून करूनही जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाला जाता येते, पण फिजिओथेरपीसाठी अकरावीतच जीवशास्त्र घ्यावे लागते, ही दोन वाक्ये तिला नववीत कुणी सांगितली असती, तर तिच्या आईचे सोने घरात राहिले असते. अकरावीची प्रवेशप्रक्रिया आपण राज्यभर ऑनलाइन केली. त्या अर्जात कॉलेजांचे क्रम भरता येतात. शाखा निवडण्याआधी हे सांगणारी व्यक्ती कुठल्या पानावर आहे?

गंमत अशी, की आरोग्यक्षेत्र शाळेच्या आवारात चालत येते आणि आपण ते मुलांना दिसू देत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची गाडी शाळेत येते. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक फार्मासिस्ट. मुले रांगेत उभी राहतात, वजन-उंची होते, डोळे-दात पाहिले जातात, रांग पुढे सरकते. ही माणसे काय शिकली, कुठे शिकली, दिवसभर काय काम करतात, हे विचारायला त्या दिवशी एक तास ठेवला, तर खर्च किती येईल? दर आठवड्याला वर्गात लोहाची निळी गोळी वाटतात. राज्यातल्या निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुलींना रक्तक्षय आहे, हे सरकारचेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. माझ्या मुलीने आजवर कितीतरी गोळ्या गिळल्या; स्वतःचे हिमोग्लोबिन मोजताना तिने एकदाही पाहिलेले नाही. तापमापी वाचणे, नाडी मोजून लिहून ठेवणे, जुलाब झालेल्या बाळासाठी क्षारसंजीवनी बरोबर मापाने कालवणे, साप चावलेल्याला न कापता, न आवळता, हातपाय स्थिर ठेवून दवाखान्यात नेणे : ज्याला या क्षेत्रात जायचे नाही, त्याच्याही घरात हे रोज लागते. जायचे आहे, त्याची सुरुवात इथूनच होते.

‘मुले लहान आहेत, त्यांना काय जमणार,’ असे एका अधिकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितले. हे महाराष्ट्रात बोलावे, याचे आश्चर्य वाटते. जामखेडला १९७० पासून डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी पाटीला हात न लागलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले, आणि पुढे हेच काम देशभरच्या आशाताईंकडे आले. त्या बायकांना जे जमले, ते विज्ञानाची दोन-दोन पुस्तके घेऊन बसलेल्या दहावीच्या पोरांना जमणार नाही, असे आपण कशाच्या आधारावर म्हणता?

गरज पडली, की सरकारला हीच मुले आठवतात, हेही आम्ही पाहिले. जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाख कोविड योद्ध्यांसाठी घाईघाईचे कोर्स सुरू केले. राज्याने मुख्यमंत्र्यांच्या नावाने महाआरोग्य कौशल्याचा कार्यक्रम काढला. साथ ओसरली आणि कौशल्याची गरजही बहुधा ओसरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार झाला : १०,००० कुशल तरुण पाठवायचे, त्यात परिचारिका, लॅब आणि रेडिओलॉजी सहायक. भाषेचे वर्ग निघाले, फोटो छापून आले. त्यांतले किती जण विमानात बसले, हे आपण एकदा जाहीर कराल का? आणि परदेशाला पुरवायला हवीत इतकी ही कामे मोलाची असतील, तर ती आपल्या सगळ्या शाळांत नववीच्या वेळापत्रकात का नाहीत?

माझ्या मागण्यांना नवा कायदा लागत नाही. हेल्थकेअर विषय असलेल्या शाळांची तालुकावार यादी, तिथला प्रशिक्षक आणि उपकरणांची सद्यःस्थिती जाहीर करा. प्रशिक्षकांचे थकीत मानधन द्या आणि पुढचे दरमहा द्या. प्रत्येक माध्यमिक शाळा जवळच्या ग्रामीण रुग्णालयाशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडा. नववीच्या प्रत्येक मुलाने तिथे वर्षातून किमान दोन दिवस काम पाहिले पाहिजे. प्रथमोपचाराची परीक्षा हाताने घ्या, कागदावर नको. अकरावीच्या अर्जाआधी प्रत्येक शाळेत आरोग्यक्षेत्रातल्या अभ्यासक्रमांची पात्रता, फी आणि मान्यता सांगणारा एक मराठी तक्ता लावा, आणि तीन महिन्यांत नर्सिंग विकणाऱ्यांवर कारवाई कुणी करायची, ते खाते नाव घेऊन सांगा.

माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचे नाही. तिला प्रयोगशाळेत काम करायचे आहे. हे तिने स्वतः ठरवले, शाळेने तिला त्यात काडीची मदत केली नाही. येत्या निकालानंतर काही दिवसांत तिला शाखा निवडायची आहे आणि तिच्याबरोबर राज्यातल्या लाखो मुलांना. आश्वासने आमच्याकडे २०१६ पासूनची जपून ठेवलेली आहेत, नवीन नको. यातले काय, कधी आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर होणार, हे प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी लेखी कळवावे.

आपली,
दहावीतल्या एका मुलीची आई