तळटीपेत कोण?



या अंकासाठी आलेल्या लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेखांत ताराबाई शिंदे आहेत. आनंद वाटला. पण पृष्ठक्रमांक एकाही लेखात नाही. ‘ताराबाई म्हणतात’ असं लिहून अवतरणचिन्हं टाकलेली आणि दोन लेखांत तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत. मग ताराबाई नेमकं म्हणाल्या तरी काय?

तळटीपा, संदर्भसूची म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या कपाळाला आठी पडते. ते विद्यापीठातल्या लोकांचं काम, आपण रस्त्यावरच्या, असं म्हणून विषय संपतो. मला हे पटत नाही. न पटण्याचं कारण ताराबाईच आहेत.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला जन्मलेलं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे झोडले गेले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून त्याला उत्तर दिलं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक जवळजवळ दिसेनासं झालं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे ते आपल्या हाती आलं. मधल्या नव्वद वर्षांत स्त्रियांच्या प्रश्नावर मराठीत थोडं का लिहिलं गेलं? एखादं पुस्तक नाहीसं करायला ते जाळावं लागत नाही, त्याचा उल्लेख टाळला की पुरतं. आणि आज आपण ताराबाईंना उद्धृत करतो तेव्हा मालश्यांचं नाव किती जणी लिहितो?

नावांचा घोळ तर आपल्याच वाट्याला आलेला. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. लेखिका तेव्हा बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर. संदर्भसूची आडनावाप्रमाणे लावली की एकच बाई ख, ब आणि श या तीन अक्षरांखाली विखुरते. पुरुष लेखकाच्या बाबतीत टोपणनावाचा प्रश्न येईल, आडनाव बदलल्याचा क्वचितच. म्हणून सूचीत एका ठिकाणी पूर्ण नोंद करावी, दुसरीकडे ‘पाहा’ म्हणून तिकडे बोट दाखवावं. आणि लेखिकांची नुसती आद्याक्षरं देऊ नयेत. ‘म. बेडेकर’ म्हटल्यावर वाचणारा बाप्याच समजतो!

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्तीकडे एक संशोधक दोन दिवस राहिला. तिच्या हातचं जेवला, तिची पंचवीस वर्षांची आठवण टेप करून घेऊन गेला. प्रबंध झाला, पदवी मिळाली. प्रबंधात ती ‘एक स्थानिक महिला’ आहे. तिचं म्हणणं चार पानं भरून आलंय, तळटीप एकही नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांचे लेख मात्र प्रत्येक प्रकरणात, सालासकट. छापलेलं ते ज्ञान आणि बाईने सांगितलं ती नुसती ‘माहिती’, अशी ही वाटणी आहे.

ती करायलाच हवी असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’वर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. एरवी ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ म्हणून मोकळे झाले असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बाया आपापल्या नावानिशी उभ्या आहेत. त्या पुस्तकाचा आधार घेताना केवळ संपादकांची नावं देऊ नका. बोलणारी कोण, तेही लिहा.

इथे एक मैत्रीण विचारेल, आपल्याकडे मारहाणीच्या, बलात्काराच्या केसेस येतात, त्यांचं काय? तिथे नाव द्यायचंच नाही. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. पण कायदा नसता तरी निर्णय तिचाच. नाव लपवणं आणि नाव गाळणं यांत फरक आहे. पहिलं तिच्या भल्यासाठी, तिला विचारून होतं. दुसऱ्याच्या वेळी तिला कुणी विचारतच नाही.

तेव्हा पुढच्या अंकासाठी लिहिताना पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशक, साल, आवृत्ती आणि पान एवढं कळवा. मूळ पुस्तक न पाहता दुसरीच्या लेखातून वाक्य उचललं असेल तर तसं स्पष्ट लिहा, त्यात कमीपणा नाही. ‘तत्रैव’ वगैरे जमलं नाही तरी चालेल, ते आम्ही इथे लावून घेऊ. मोबाइलवर फिरत आलेलं वाक्य, मग ते सावित्रीबाईंच्या नावावर का असेना, मूळ सापडेपर्यंत वापरू नका. मुलाखत असेल तर बाईचं नाव (तिची हरकत नसेल तर), गाव, तारीख आणि ती कोणत्या भाषेत बोलली ते लिहा. आणि छापलेला अंक तिच्या पत्त्यावर पाठवायचा आहे, म्हणून पत्ता वेगळ्या कागदावर.