व्यसनमुक्तीसाठी हवेत गावातलेच समुपदेशक

नवलाख उंबरे (ता. मावळ) - तळेगाव औद्योगिक वसाहतीच्या विस्तारासाठी नवलाख उंबरे परिसरातील जमिनी गेल्या, कारखाने आले आणि शेतीबरोबर पाळीची नोकरीही आली. अशा गावांत दारूचा प्रश्न निघाला, की चर्चा बहुधा दुकानबंदीपाशी थांबते. महिलांच्या मतदानाने बाटली आडवी करता येते. परंतु ज्याला दारू सुटत नाही, त्याने जायचे कोणाकडे, हा प्रश्न उरतोच.

दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला उपचार मिळाले होते. केवळ रुग्णालयांतील खाटा वाढवून ही तूट भरून निघणार नाही. त्यासाठी माणसे घडवावी लागतील.

त्याची वाट पुण्याने पूर्वीच दाखविली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या मदतीतून डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच समुपदेशक म्हणून घडविले. पुढे केंद्राने या संस्थेकडे प्रशिक्षणाची प्रादेशिक जबाबदारीही सोपविली.

गोव्यातील 'संगत' संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. तेथे १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण देऊन ३७७ पुरुषांवर प्रयोग झाला. जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

मात्र पूर्ण आहारी गेलेल्यांना या प्रयोगात घेतले नव्हते, हे विसरता कामा नये. अशा व्यक्तीने दारू एकाएकी थांबविल्यास झटके, भ्रम किंवा जिवावरचे संकटही ओढवू शकते. म्हणून कोणाला बोलण्याने सावरता येईल आणि कोणाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागेल, हे ओळखणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा हवा. दुसरा धडा गुप्ततेचा. सगळे एकमेकांना ओळखत असलेल्या गावात एक शब्द बाहेर फुटला, तरी पुन्हा कोणी त्या दाराशी फिरकणार नाही.

चार दिवसांचे शिबिर आणि प्रमाणपत्र एवढ्यावर हे काम भागणारे नाही. नियमित मानधन, अनुभवी मार्गदर्शकाची देखरेख आणि पाळी सुटल्यावर उघडी राहणारी खोली या तीन गोष्टींची सोय ग्रामपंचायत, आरोग्य खाते आणि कारखान्यांनी मिळून केली, तरच प्रशिक्षणाचा लाभ गावापर्यंत पोहोचेल.